काचेतला हात

गाडी एका जागी बांधून ठेवायची आणि पळवायची, हा ताईचा धंदा. नवीन माणसाला सांगितलं की तो आधी हसायचा. पण होतं तसंच. जमिनीत दोन लोखंडी रोलर बसवलेले, गाडीची मागची चाकं त्यांच्यावर, पुढची फरशीवर. चारी कोपऱ्यांतून चार पट्टे जमिनीतल्या हुकांना करकचून आवळलेले. गाडीच्या नाकासमोर माणसाला उडवून लावील असा पंखा, मागे धूर बाहेर न्यायला जाडजूड नळी. चालवणाऱ्यानं ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाकं दीडशेच्या वेगानं फिरायची आणि गाडी बोटभरसुद्धा हलायची नाही. शेजाऱ्यांची कटकट नको म्हणून त्या खोलीला खिडकीच ठेवलेली नव्हती. काम चालू असलं की शटर खाली. एका भिंतीत तेवढी दुहेरी काच होती आणि काचेच्या अलीकडच्या छोट्या खोलीत लॅपटॉपसमोर ताई बसायची.

गाडीत बसायचा तिचा धाकटा भाऊ. अंगानं काडीसारखा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. पाय त्याचा, डोकं हिचं, अशी वाटणी. तो गाडी एका वेगावर धरून ठेवायचा आणि ही लॅपटॉपवरून इंजिनाला पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, ते ठरवायची. पेट्रोल जास्त झालं की इंजिन गुदमरतं. कमी झालं की आतून इतकं तापतं की पिस्टन वितळतो. ठिणगी जरा आधी पडली तर ताकद मिळते, फारच आधी पडली तर इंजिन स्वतःलाच हातोडे मारून घेतं. इंजिनात जादा हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवलेल्या गाडीत तर बरं आणि वाईट यांत केसाएवढंच अंतर उरतं. ते अंतर ताईला कळायचं. या कामात तिचा हात धरणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि हे तिला चांगलं ठाऊकही होतं.

बोलायला दोघांच्या कानावर हेडफोन असायचे. पण एकदा काम चालू असताना पेट्रोलचा पाइप निसटला, ताई थांब थांब म्हणून ओरडत राहिली आणि नेमका हेडफोन नुसता खरखरत राहिला. बॉनेटचा रंग जळाला, माणूस वाचला. त्या दिवशी वडिलांनी नियम घालून दिला. वर्कशॉप त्यांनीच उभं केलेलं, आता गुडघ्यांमुळे घरी बसून असायचे. नियम असा, की कानात काहीही येवो, काचेत आडवा हात दिसला की त्या क्षणी चावी बंद करायची. का आणि कशाला ते नंतर विचारायचं. पैलवानानं जेवणाच्या वेळेपासून कानटोपीपर्यंत घरातला एकूण एक नियम मोडला होता. हा एक मात्र कधी मोडला नाही.

त्या दिवशीची गाडी राखाडी रंगाची, दोन दारांची. मालक पन्नाशीचे, चष्म्याचं दुकान चालवणारे. डाव्या कानात एक जुनाट इअरफोन, त्याची वायर शर्टाच्या खिशात गेलेली. माणूस अगदी मोजकं बोलणारा. मान जराशी कललेली, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

"सासरचा फोन असणार," पैलवान ताईच्या कानाशी पुटपुटला. "बोलायची सोय नाही, नुसतं ऐकायचं."

चष्मेवाल्यांची तक्रार एकच होती, की गाडी चढावर अडखळते. आधी दोघांनी हात लावला, दोघांनीही अर्धवट सोडली. ताईला जरा नवल वाटलं. गाव परातीसारखं सपाट, चढ म्हणून काय तो एक उड्डाणपूल. शिवाय गाडी रोलरवर घ्यायची तर टाकीत जेमतेम पेट्रोल ठेवतात, यांनी ती काठोकाठ भरून आणली होती. विचारलं तर म्हणाले, "लागेल." आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

पैलवानाला घाई होती. आदल्या दिवशी मुलीला शाळेतून आणायला त्याला उशीर झाला होता. भिंगरी एकटीच फाटकाशी उभी राहिली होती आणि मग झोपेपर्यंत बापाशी एक अक्षर बोलली नव्हती. आज घंटा व्हायच्या आत फाटकावर असेन, असं तो तिच्या गळ्याची शपथ घेऊन आला होता. ताईनं त्याला सांगितलं, हे मालक गेले तरी चालतील, पण माझ्या भाचीला आज ताटकळत ठेवलंस तर बघ.

पहिली फेरी झकास झाली. इंजिन तब्येतीत होतं. ताईनं दोन-चार ठिकाणी पेट्रोल कमी केलं, ठिणगी एखाद्या अंशानं पुढे ओढली. तेवढ्यात तिचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात गेलं. तिथं बाहेरच्या हवेचा दाब दिसायचा. त्या आकड्याकडे एरवी कोणी ढुंकून बघत नाही, कारण खोलीतली हवा खोलीतच असते. तो आकडा उतरत होता. सावकाश, एकसारखा, गाडी डोंगर चढायला लागल्यावर उतरतो तसा.

सेन्सर गेला असणार, दुसरं काय. तिनं इंजिन बंद करायला लावलं, फळीवरून नवा सेन्सर काढला आणि आत जाऊन स्वतः बदलला. भिंतीवरच्या यंत्रात दाब नेहमीसारखाच होता. बदलताना तिचा हात गाडीच्या पुढच्या जाळीला लागला आणि तिनं तो झटकन मागे घेतला. खोलीत घामाच्या धारा लागल्या होत्या आणि जाळी बर्फासारखी गार होती. वर ओलसर.

"ताई, इकडे ये," पैलवान म्हणाला. तो गाडीच्या समोरच्या काचेकडे बघत होता.

काचेवर बारीक पांढरे किडे चिरडलेले होते. दहा-वीस नाही, थरच्या थर. संध्याकाळी लांबच्या रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या काचेवर असतात तसे. सकाळी ही काच पैलवानानंच पुसली होती. खोलीत किडा सोडा, माशी शिरायलाही फट नव्हती.

"बघ, तू मला कधी फिरायला नेत नाहीस," तो म्हणाला, "शेवटी गाडीलाच दया आली." पण त्याचं हसू काही जमलं नाही.

ताईनं काच पुसून घेतली आणि आपल्या खोलीत येऊन गाडीचा सगळा तक्ता उघडला. इंजिनाला हवेच्या प्रत्येक दाबासाठी पेट्रोलचे आणि ठिणगीचे वेगळे आकडे लागतात. वरच्या ओळी रोजच्या हवेच्या, खाली खाली विरळ हवेच्या. त्या खालच्या ओळींना कोणी हात लावत नाही, तितक्या उंच जातंय कोण? या गाडीत त्या ओळीसुद्धा निगुतीनं भरलेल्या होत्या. निम्म्यापर्यंत एका हाताचं काम, सांभाळून केलेलं. पुढच्या काही ओळी दुसऱ्या कुणाच्या, धसमुसळ्या. त्यानंतर एकदम काही नाही, कंपनीतून आले तेच आकडे.

असे आकडे नुसते बसून भरता येत नाहीत. ते गाडी तिथं नेऊनच भरावे लागतात.

इथं ताईनं थांबायला हवं होतं, आणि तिच्या मनात ते आलंही. पण अर्धवट सोडलेलं काम तिला दातात अडकलेल्या तंतूसारखं छळायचं. दोघांना जमलं नाही म्हटल्यावर तर विचारूच नका. एक फेरी घेऊ, ती म्हणाली, अडखळते कुठे तेवढं बघू, आणि तू सूट शाळेकडे.

गाडी सुरू झाली. पैलवानानं चौथ्या गिअरमध्ये वेग धरला. दाब उतरायला लागला, या वेळी भराभर. ताई पहिल्या माणसाच्या ओळींवरून खाली आली, मग दुसऱ्याच्या. हवा जितकी विरळ, तितकं पेट्रोल कमी, ठिणगी जराशी आधी. आणि जिथं त्या दोघांचं काम संपत होतं, तिथं नेमकं इंजिन अडखळलं.

"ताई," हेडफोनमध्ये आवाज आला. "पंखा हलवलास का?"

"नाही. का रे?"

"वारा डावीकडून येतोय."

तिनं मान वर करून काचेतून बघितलं. पंखा होता तिथंच होता. पैलवान मात्र स्टिअरिंग फिरवत होता. रोलरवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हे त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून माहीत. आणि हा वळणावळणाच्या रस्त्यावर असल्यासारखा पार डावीकडे, पार उजवीकडे वळवत होता. पुढची चाकं ढिम्म. फरशीवर सरळच्या सरळ.

तिनं उभं राहून काचेवर आडवा हात धरला.

त्यानं काचेकडे बघितलंसुद्धा नाही.

"हात दिसत नाही का? बंद कर!"

"कुठला हात? इथं कठडा आहे, ताई." तो धापा टाकत होता. "एका बाजूला कठडा, एका बाजूला खडक. चढ किती आहे बघ ना. थांबलो तर मागे घरंगळेल."

ती धावत खोलीत शिरली. आवाजानं कान फाटायची वेळ आली होती. चारी पट्टे ताणलेले, रोलर गरगरत होते, गाडी जागच्या जागी. पैलवानाची नजर समोर खिळलेली. तिनं दाराला हात घातला, दार हलेना. हाताला चटका बसावा इतकं गार. मग तिनं दोन्ही मुठींनी त्याच्या बाजूची काच बडवायला सुरुवात केली.

हेडफोनमध्ये त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

"ताई, कोणीतरी गाडीबरोबर पळतंय. काच ठोकतंय. चेहरा दिसत नाही. ताई, हे आत येणार."

तिच्या मुठी तशाच हवेत राहिल्या. ती दोन पावलं मागे सरली.

"गेलं," तो म्हणाला. "मागे पडलं."

ती धावतच परत आपल्या खोलीत आली. लॅपटॉपवरून ठिणगी तोडायला एक बटण पुरे होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"नका," मागून कोणीतरी म्हणालं. दारात चष्मेवाले उभे होते. "बंद नका करू. मी केली होती."

त्या वेळी गाडीत त्यांचा भाऊ होता, त्यांनी सांगितलं. हेच काम करायचा. इंजिन अडखळायला लागलं, यांचा धीर सुटला आणि यांनी बंद केलं.

"मग? काय झालं त्याचं?"

"काही नाही. उतरला गाडीतून. घरी असतो. जेवतो, झोपतो, बरा आहे." त्यांचं बोट कानातल्या इअरफोनकडे गेलं आणि तिथंच राहिलं. "तुम्ही बंद नका करू, ताई. कधीतरी चढ संपत असेल."

त्यांच्या बोलण्याचा अर्थ लावत बसायला ताईला वेळ नव्हता. इंजिन पुन्हा अडखळलं, गचके द्यायला लागलं. पेट्रोल जास्त होत होतं, गुदमरत होतं. हे बंद पडलं तर माझा भाऊ तिथंच राहील, एवढंच तिच्या डोक्यात पक्कं बसलं. बाकी सगळं तिनं बाजूला सारलं आणि आकडे भरायला सुरुवात केली. एक ओळ, मग खालची. डोळे पडद्यावर, कान इंजिनावर. आवाज जरा मोकळा झाला की पुढची ओळ.

"पुढे गाड्या आहेत," पैलवान म्हणाला. "कडेला थांबल्यात. दोन." "ताई, दोन्ही हीच गाडी आहे. रंगसुद्धा तोच."

चष्मेवाले टेबलाशी आले. काठ घट्ट धरून वाकले.

"पहिलीत एक जण बसलाय. कानाला हेडफोन. तो बघतोय माझ्याकडे."

"विचारा, कसा दिसतो," चष्मेवाले म्हणाले. त्यांचा चष्मा ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला होता. "दाढी आहे का विचारा. बोलतोय का काही?"

ताईनं विचारलं.

"काच बडवतोय आतून," पैलवान म्हणाला. "गेला. मागे गेला."

चष्मेवाले मटकन खाली बसले आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. ताईनं तिकडे बघितलं नाही. तक्त्याच्या तीन ओळी उरल्या होत्या. मग दोन. पंख्याचा वारा आत चालू होता, तरी गाडीच्या काचा आतून धुरकट झाल्या होत्या आणि त्यात पैलवान नुसता सावलीसारखा दिसत होता.

शेवटची ओळ.

तिनं ठिणगी अर्ध्या अंशानं पुढे घेतली आणि इंजिन मोकळं झालं. इतकं गोड चाललेलं इंजिन तिनं आजवर ऐकलं नव्हतं.

"ताई!" त्याच्या आवाजात हसू होतं. "चढ संपला. सपाट आहे सगळं."

तिचे डोळे भरून आले. "थांबू नकोस. चालव तशीच. उतार येईल."

"हो. अगं... हे तर आपलंच."

"काय?"

"वर्कशॉप. शटर उघडं आहे. घेतो आत."

"नको रे. आत नको जाऊस."

"आलोसुद्धा. रोलरवर आहे. तो बघ पंखा." तो जोरात हसला. "ती बघ काच. दिसलीस गं, ताई. दिसलीस."

समोरच्या धुरकट गाडीत ती सावली काचेकडे वळली. पण ताईकडे नाही. जरा बाजूला, दुसरीच काच तिथं असावी तशी.

"मी नाही ती," ताई म्हणाली. "ऐक माझं. ती मी नाही."

"उभी आहेस ना समोर."

"मी बसलेय. माझे दोन्ही हात कीबोर्डवर आहेत."

तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मग कानात कोण बोलतंय?"

"मी बोलतेय. भिंगरीची शपथ. चावीला हात लावू नको."

"ताई हात दाखवतेय," तो म्हणाला. हे तो तिला सांगत नव्हता. स्वतःशीच बोलत होता. "आडवा हात."

"पैलवान!"

"कानात काहीही येवो," तो म्हणाला.

इंजिन बंद झालं.

रोलर फिरत फिरत थांबले. दार उघडलं, सहज, रोजच्यासारखं. पैलवान बाहेर आला, आळस दिला, हेडफोन काढून खुंटीला अडकवला. त्यावरचा हिरवा दिवा विझला. काचेकडे बघून तो हसला आणि दारातून चावी तिच्याकडे फेकली. ती नेहमीप्रमाणे तिच्या हातून निसटली, आणि तो नेहमीप्रमाणे म्हणाला, "तुझ्याच्यानं झेलणं होणार नाही या जन्मात."

ताईनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं. भुवईवरचा वण होता. अंगठ्याचं तुटकं नख होतं. हात धरून बघितला, कोमट होता. अंगाला ग्रीसचा वास. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, कुठे काय, छान चालली की गाडी, तूच का रडतेस? मग घड्याळ बघून त्यानं जीभ चावली आणि शाळेकडे पळाला. खोट काढावी असं त्याच्यात काही म्हणजे काही नव्हतं.

तिचा जीव हळूहळू थाऱ्यावर आला. तिनं हेडफोन काढायला हात वर केला.

कानात कोणीतरी श्वास घेतला.

"ताई," पैलवान म्हणाला, "बंद केली गं. आता पुढे काय? दार उघडत नाहीये. आणि तू काचेतून गेलीस कुठे?"

खुंटीवरचा हेडफोन तिला समोर दिसत होता. दिवा विझलेला.

चष्मेवाले भिंतीला धरून उठले. त्यांनी तिच्या कानाकडे बघितलं, मग आपल्या खिशातून इअरफोनची वायर बाहेर काढून दाखवली. तिचं टोक मोकळंच होतं, कशालाही जोडलेलं नव्हतं.

"चार्जिंगची काळजी करू नका," ते म्हणाले. "लागत नाही."

बाहेर पावलं वाजली. पैलवान भिंगरीला खांद्यावर घेऊन आला होता. वेळेवर पोचलो म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेत होता. भिंगरीनं दोन्ही हातांनी त्याचे केस धरले होते आणि वरून ती आत्याला हाका मारत होती.

"ताई, ऐकतेस ना?" कानातला आवाज म्हणाला. "इथं फार गार आहे. भिंगरीची शाळा सुटली का गं?"

ताईनं दोघांकडे बघून हात हलवला. मग तोंडासमोर हात धरून ती हळूच म्हणाली, "नाही रे. अजून वेळ आहे."